जाळीवरचे मोदक

हळदीची पानं वाफेवर ठेवली की जो वास सुटतो, त्यानं बहुतेकांना आपलं घर आठवतं, देवासमोरची धांदल आठवते. मला सांडपाण्याची जाळी आठवते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. एकदा जाऊबाईंना सांगितलं, तर त्यांनी तोंडाशी नेलेला घास ताटात परत ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढच्या वर्षीपासून मला फक्त दूर्वा निवडायचं काम मिळतं.

यंदाही भाद्रपद आला. शेजारणीनं हळदीच्या पानांची जुडी दिली, ती मी नळाखाली धरली आणि एकदम सड्यावरचा तो पाऊस, कातळावरून वाहणारं पाणी, गजांना चिकटलेला पांढरा गोळा आणि त्याच्याकडे मान तिरपी करून बघणारे दाऊदभाई असं सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तेव्हा मी रसायनशास्त्रातली पदवी घेऊन नुकतीच नोकरीला लागले होते. रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, शेपाऊणशे घरांची एक वसाहत होती आणि वसाहतीच्या उतारावर तिचं स्वतःचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र. मी लांज्याची. घरी सांगताना 'पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे' एवढंच सांगितलं होतं. आई शेजारणींना सांगताना त्यातलं पाणीही गाळत असे आणि नुसतं 'प्रयोगशाळेत' म्हणत असे.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याखालची एक खोली होती. पण केंद्राची खरी सुरुवात बाहेर, जाळीपाशी व्हायची. पुढे हवा सोडणाऱ्या टाक्या, त्यांतले जिवाणू, माझ्या परीक्षानळ्या, हा सगळा शिकलेला कारभार. त्याच्याआधी मात्र सिमेंटचा एक चर, चरात तिरके रोवलेले लोखंडी गज आणि दोन गजांमध्ये दोन बोटांचं अंतर. पाणी जातं, बाकीचं अडकतं. अडकलेलं दाताळ्यानं वर ओढायचं, निथळू द्यायचं, चुना मारायचा आणि खड्ड्यात पुरायचं. हे वेळच्या वेळी झालं नाही तर पुढचे पंप गुदमरतात आणि माझी पदवी काही कामाची उरत नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

जाळी दाऊदभाईंच्या ताब्यात होती. ते हर्णेजवळच्या एका गावचे. पोरवयात वडिलांबरोबर होडीवर, मग पंचवीस-तीस वर्षं आखातात, तिथल्या एका मोठ्या शहराच्या अशाच केंद्रावर. परत आल्यावर घरी बसवेना म्हणून इथे लागले. साठी उलटलेली, अंगानं सडपातळ, डोक्यावर जाळीची टोपी आणि पायात गुडघ्यापर्यंत बूट. दाताळ्यानं वर काढलेला ऐवज ते नुसता ढकलून देत नसत. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळी लिलावाला मासळी लावतात, तसे जातवार ढीग लावत. कापडाचा वेगळा, केसांचा वेगळा, शांपूच्या पुड्यांचा वेगळा. एका नजरेत त्यांना वसाहतीत काय चाललंय ते समजायचं.

जाळीचंही एक पंचांग असतं. मार्चमध्ये चिठ्ठ्या येत, दहावीच्या परीक्षेच्या, बारीक अक्षरांत लिहिलेल्या. त्यांतल्या एकीवर रासायनिक समीकरण चुकीचं होतं, तर मला दिवसभर चैन पडलं नाही. मेमध्ये आंब्याच्या कोयी येत. न्हाणीघरात बसून आंबा कोण खातं हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. श्रावणात सगळी वसाहत शाकाहारी व्हायची आणि तरीही दर बुधवारी जाळीवर बांगड्याचा एक अख्खा काटा यायचा, स्वच्छ, कंगव्यासारखा. मी विचारलं, हे कुणाचं काम. दाऊदभाईंनी तो काटा उचलून बाजूला ठेवला आणि सांगितलं की जाळीला दिसलं ते जाळीनं पोटात ठेवायचं असतं, आपण तिचे नोकर. आखातात म्हणे त्यांनी असल्या गोष्टी पाहिल्या होत्या की त्या सांगितल्या असत्या तर दोन-तीन मोठी घराणी मोडली असती.

आता मी ज्या शहरात आहे तिथे जाळी यंत्राची आहे. साखळी फिरते, दाते आपोआप वर येतात, सगळं दाबून कोरडं करून बंद डब्यात पडतं. कुणी काही बघत नाही, म्हणून कुणाला काही कळतही नाही. हे चांगलंच आहे. माणसानं हातानं उपसायचं हे काम नव्हे, असं मी स्वतःच अर्जात लिहून तशी यंत्रं मागवली आहेत. तरी पण.

तर त्या वर्षी चतुर्थीला दहा-बारा दिवस असताना एका सकाळी गजांमध्ये पांढरा चिकट लगदा अडकलेला दिसला. मला वाटलं, कुणीतरी भिंतींना रंग द्यायच्या आधी भरतात ती लांबी ओतली असेल. गणपतीच्या आधी सगळीकडे रंगकाम चालतंच. मी नमुना घेतला, खोलीत नेला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. निळाशार झाला. म्हणजे पिष्टमय पदार्थ. माझ्या नोकरीतला तो पहिला शोध होता आणि मी तो धावत जाऊन दाऊदभाईंना सांगितला. ते तोवर लगद्याचा तुकडा दाताळ्याच्या टोकावर घेऊन उजेडात धरून बसले होते.

"तांदळाची उकड हाय, बाय," ते म्हणाले. "आणि कच्ची हाय."

दुसऱ्या दिवशी गोळ्यांना आकार होता. कसला ते कळत नव्हतं. मला ते चपटे चेंडू वाटले. पण त्यांच्याबरोबर हळदीचं एक पान आलं आणि मग दोघांनाही एकाच वेळी उमगलं. तिसऱ्या दिवशी ज्याला मोदक म्हणता येईल अशी पहिली वस्तू जाळीवर आली. तीन कळ्या होत्या, वरचं टोक एका बाजूला कललेलं आणि बूड फुटून सारण सगळं वाहून गेलेलं. कुणीतरी वसाहतीत रोज मोदक करत होतं आणि रोज संडासातून सोडून देत होतं.

पुढचे काही दिवस मी कामावर जरा लवकरच जाऊ लागले. हे सांगायला लाज वाटते, पण मला उत्सुकता लागली होती. चौथ्या दिवशी पाच कळ्या. पाचव्या दिवशी पुन्हा तीन. त्या दिवशी त्या माणसाचा धीर खचला असावा. सहाव्या दिवशी सात कळ्या आल्या, पण पारी पुठ्ठ्यासारखी जाड. दाऊदभाई प्रत्येक मोदक दाताळ्याच्या टोकानं उलटा करून बघायचे आणि वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगायचे. आज पाणी कमी. आज पीठ जुनं. आज उकड थंड झाल्यावर मळली, म्हणून भेगा. मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला कसं ठाऊक. तेव्हा कळलं, त्यांच्याकडे भाकरीसुद्धा उकड काढूनच करतात, आणि आखातात बारा जणांच्या खोलीत बारा वर्षं भाकरी त्यांनीच थापली होती. मला स्वतःला मोदक येत नव्हते. आमच्याकडे ते काम आत्याचं. माझं काम मोजून एकवीस झाले की नाही ते सांगायचं. त्यामुळे दाऊदभाई जे सांगत ते मी वहीत टिपून घ्यायची, आम्लता आणि तापमानाच्या रकान्यांखाली.

मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी दुपारपासून पाऊस धो धो लागला होता, आणि मोदक करणाऱ्यानं बहुधा चिडून सगळं पीठच सोडून दिलं असावं. उकड, केस आणि कापडाच्या चिंध्या मिळून गजांवर असा थर बसला की गवंडीही इतका गुळगुळीत बसवणार नाही. पाणी तुंबलं, चराच्या काठावरून बाहेर आलं आणि उतारावर वाहू लागलं. उताराच्या खाली एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, आणि पऱ्याच्या पलीकडे खालच्या वाडीची भातखाचरं, नुकती पोटरीला आलेली. ते पाणी तिथे पोचलं असतं तर वाडीचं अख्ख्या वर्षाचं भात नासलं असतं. वाडीनं आधीच एकदा बजावलं होतं की घाण पाणी एकदा जरी शेतात आलं तर केंद्राला टाळं ठोकू, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी फावड्यानं मातीचा बांध घालत होते आणि दाऊदभाई चरात उतरून, कमरेएवढ्या पाण्यात, हातांनी तो थर खरवडत होते. तास-दीड तासानं पाणी उतरलं. ओघळ पऱ्याच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर थांबला होता. दाऊदभाई वर आले, अंगावर नळाचं पाणी घेतलं आणि कट्ट्यावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी ढीग लावले नाहीत.

दुपारी वसाहतीच्या समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष सुर्वेभाऊ. भाऊंचं सगळं आयुष्य बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून, ध्वनिक्षेपकासमोर गेलेलं. त्यामुळे निवृत्त होऊनही ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत आणि मध्ये माणसाचं ऐकण्यासाठी थांबत नसत. ओल्या कचऱ्याची बादली झाकण न लावता दारात ठेवायची, म्हणजे कोण काय टाकतं ते सर्वांना दिसेल, हा नियम त्यांचा. शौचकुपात काय टाकू नये याची यादी वसाहतीत सात ठिकाणी लावलेली, तीही त्यांचीच. त्यांच्या पत्नी सुमतीकाकू आधीच्या हिवाळ्यात वारल्या होत्या. तेव्हापासून सूचना वाढल्या होत्या. लोक कंटाळत, पण बोलत नसत.

भाऊंनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मी 'पिष्टमय पदार्थ' म्हणाले. मोदक म्हणायला का कोण जाणे जीभ वळली नाही. त्यांना वाटलं, कुणी कपड्यांची खळ ओतत असणार. त्यांनी तिथल्या तिथे लेखी आदेश दिला. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत दोषी घर शोधून काढायचं आणि सजावटीला सगळी वसाहत मंडपात जमेल तेव्हा ते नाव ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं जाईल. शोध लागला नाही तर माझ्या कायम होण्याबाबत फेरविचार होईल, असं शेवटच्या ओळीत होतं. ती ओळही त्यांनी दोनदा वाचून दाखवली.

शोधायचं कसं हे सोपं होतं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक चेंबर असतं, त्याचं झाकण उघडायचं आणि वाट बघायची. मी दोन दिवस, दुपारभर, छत्री धरून उघड्या चेंबरांजवळ बसले. येणारे-जाणारे विचारत, काय हरवलं का. मी हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तिसऱ्या गल्लीच्या चेंबरमधून एक मोदक गडगडत गेला. त्याच्या मागून दुसरा. नऊ कळ्या असाव्यात. वेगात होता, नीट मोजता आल्या नाहीत. मी गल्लीत वर वर सरकत गेले. शेवटच्या चेंबरच्या पुढे फक्त दोन घरं होती. एक बंद, त्याचे मालक कुवेतला. दुसऱ्याच्या फाटकावर पाटी होती, विनायक सुर्वे. पाटीखाली शौचकुपात काय टाकू नये याची यादी.

मी केंद्रावर परत आले आणि दाऊदभाईंना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. भाऊंच्या घरी जेवण कोण करतं ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सकाळी एक बाई पोळी-भाजी करून जातात, बाकी ते एकटेच असतात. दाऊदभाईंनी बूट काढले, हातपाय धुतले, टोपी नीट केली आणि म्हणाले, चल.

मी अहवाल लिहून घेतला होता. नावाची जागा कोरी ठेवली होती. वाटभर मी मनाशी वाक्यं जुळवत होते, त्यांतलं एकही धड जमत नव्हतं. भाऊंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत पीठ होतं. आम्हाला बघून ते हात त्यांनी मागे घेतले आणि सरळ ताठ उभे राहिले. आत कुठलंसं भांडं शिट्टीसारखा आवाज करत होतं.

"भाऊ," दाऊदभाई म्हणाले, "उकडीत पाणी कमी पडतंय."

मी भाऊंना पहिल्यांदाच गप्प बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं. दाऊदभाईंनी सांगितलं, जाळीनं.

मग ते पडवीतल्या बाकावर बसले आणि सगळं सांगू लागले, आणि दोनदा नव्हे, एकदाच. मुलगी मुंबईला. तिनं फोन करून म्हटलं होतं, बाबा, यंदा विकतचे मोदक घेऊन येते. हे म्हणाले होते, काही गरज नाही, दरवर्षीसारखे घरात होतील. शब्द देऊन बसले. चाळीस वर्षं सुमतीकाकू आत मोदक करत असत आणि हे बाहेर बसून जाहीर करत असत की नैवेद्याला अर्धा तास उशीर होणार आहे. इतक्या वर्षांत आत डोकावून बघितलं नव्हतं. तांदूळ विरघळतात अशी त्यांची समजूत होती, म्हणून संडासातून सोडले. बादलीत टाकले असते तर त्यांच्याच नियमानं सगळ्या गल्लीनं पाहिले असते.

मी विचारलं, कुंपणाच्या गडग्यावर ठेवायचे की, पाखरांना.

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या दिवशी ठेवले होते, मॅडम. कावळा आला. जवळ येऊन बघितलं त्यानं. शिवला नाही. उडून गेला."

पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी हातातल्या अहवालाची घडी घालत राहिले, जितकी लहान होईल तितकी. कावळा न शिवणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दाऊदभाईंच्या घरी तो प्रकार नसतो, पण पोरपणापासून इथल्याच शेजारात वाढलेला माणूस. ते म्हणाले की कच्च्या पिठाला कुठलाच कावळा शिवत नाही, त्यात वहिनींचा काही संबंध नाही. हे त्यांनी इतक्या व्यवहारी सुरात सांगितलं की भाऊंनी मान वर करून पाहिलं.

भाऊंनी त्यांना आत स्वयंपाकघरात यायला सांगितलं. दाऊदभाई बाकावरून उठले नाहीत. देवाचं काम आहे, मी इथेच बसतो आणि तोंडानं सांगतो, असं ते म्हणाले. भाऊ आत गेले. मला वाटलं, झालं. पण ते परत आले ते परात, पिठाचा डबा आणि गॅसची छोटी शेगडी घेऊन, तीन खेपा घालून. सगळं त्यांनी पडवीत मांडलं.

"सरावाची उकड देवाची नव्हे," ते म्हणाले. "आणि तोंडानं सांगून गोष्टी होतात की नाही, ते मला विचारा. मी जन्मभर तोंडानंच सांगत आलो."

मग दाऊदभाईंनी बाह्या वर केल्या. जितक्या वाट्या पीठ तितक्याच वाट्या पाणी. पाण्याला उकळी, त्यात चिमूट मीठ, चमचाभर लोणी. पीठ एकदम टाकायचं, ढवळायचं, झाकण घालून वाफ आणायची. इथपर्यंत भाऊंचंही ठीक होतं. चूक पुढे होती. ते उकड गार व्हायची वाट बघत, कारण हात भाजत. दाऊदभाईंनी तेल-पाण्याचा हात घेऊन वाफाळता गोळा परातीत घेतला आणि तळव्यानं रेटायला लागले. मग भाऊंना म्हणाले, आता तुम्ही. भाऊंनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते भाजल्यामुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. पाच मिनिटांनी गोळा लोण्यासारखा झाला. पारीला भेग पडली नाही.

कळ्या काढायचं दाऊदभाईंना येत नव्हतं. भाकरीला कळ्या नसतात. तेवढं भाऊंनी आपलं आपण आठ दिवसांत शिकून घेतलं होतं. मी तर जाळीवर बघत होतेच. त्या संध्याकाळी पडवीत अकरा मोदक झाले, त्यांतले दोन फुटले. ते दोन मी खाल्ले. माझी सरावात भूमिका एवढीच.

निघताना मी तो घडी घातलेला अहवाल पिशवीत टाकत होते. भाऊंनी हात पुढे केला. मी म्हटलं, नावाची जागा कोरी आहे, ती तशीच राहू द्या. त्यांनी तो उघडला, खिशातलं पेन काढलं आणि स्वच्छ अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मी म्हटलं, भाऊ, शोध लागला नाही असं सांगू. ते म्हणाले की मग तुमच्या नोकरीचा फेरविचार करावा लागेल, आणि तो मला करायचा नाही.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मंडपात सगळी वसाहत होती. मुंबईचे पाहुणे येऊ लागले होते, कुणी झिरमिळ्या लावत होतं, कुणी मखराशी भांडत होतं. भाऊ ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले, त्यांनी दोन बोटांनी तो टिचकावला आणि फलाटावरच्या त्या सपाट, लांबणीच्या आवाजात सुरू केलं.

"कृपया लक्ष द्या. तिसरी गल्ली, शेवटचे घर, येथील रहिवासी विनायक सुर्वे यांनी गेले आठ दिवस शौचकुपात मोदक सोडले. त्यामुळे जाळी तुंबली आणि खालच्या वाडीच्या शेताला धोका निर्माण झाला. समितीचे अध्यक्ष विनायक सुर्वे यांनी याबद्दल सुर्वे यांना समज दिली आहे."

आणि सवयीप्रमाणे त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा 'मोदक' या शब्दापाशी आवाज किंचित अडखळला, एवढंच. झिरमिळ्या लावणारे शिडीवर थांबले. लोक हसतील असं मला वाटत होतं आणि हसले असते तर मला ते सहन झालं नसतं. पण मागच्या रांगेतल्या एका आजींनी मोठ्यानं विचारलं, फुटत होते का रे भाऊ. भाऊंनी ध्वनिक्षेपकावरूनच उत्तर दिलं, होय, बुडाशी. मग मात्र सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. एकीनं दुधात उकड काढायला सांगितली, दुसरीनं तांदूळ कुठला ते विचारलं, तिसरीनं दोघींना खोडून काढलं. त्या गोंधळात पाचव्या गल्लीतले एक सद्गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले की मे महिन्यातल्या कोयी त्यांच्या होत्या, डॉक्टरांनी आंबा बंद केला आहे, घरात कळू देऊ नका. बुधवारच्या बांगड्याबद्दल मात्र कुणी पुढे आलं नाही.

चतुर्थीला मी आणि दाऊदभाई दोघेही कामावर होतो. पाहुण्यांनी वसाहत दुप्पट झाली होती आणि जाळीला उसंत नव्हती. एकच्या सुमारास उतारावरून भाऊ येताना दिसले, पूजेचा रेशमी कद नेसलेले, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डबा. अध्यक्ष होऊन सहा वर्षं झाली होती, पण केंद्रावर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. दारात ते जरा थबकले. वासामुळे असणार. मग सरळ आत आले आणि डबा कट्ट्यावर ठेवला.

दाऊदभाईंनी साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले आणि मोदक घेतला. आधी उलटा करून बूड बघितलं. जाळीची सवय. मग खाल्ला आणि मान हलवली. भाऊंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मग भाऊ सांगू लागले. मुलगी आली होती. नैवेद्य वेळेवर झाला होता. तिनं पानात मोदक घेतला, त्याच्या कळ्या बोटानं मोजल्या आणि विचारलं, बाबा, हे आईनं शिकवलं होतं का तुम्हाला. हे म्हणाले होते, हो.

"खोटं बोललो, दाऊदभाई," भाऊ म्हणाले. "देवासमोर बसून."

दाऊदभाईंनी दुसरा मोदक उचलला आणि सावकाश म्हणाले, "खोटं कसलं त्यात. शिकवलं वहिनींनीच. आमी फक्त पाणी किती, ता सांगितलं."

मग भाऊ चराच्या काठावर जाऊन उभे राहिले. वसाहतीची पहिली पंगत आटोपली असावी. पाणी वाढत होतं आणि त्याबरोबर केळीच्या पानांचे तुकडे, उदबत्तीच्या काड्या, कुणाचा तरी पायमोजा, दूर्वा, पुड्या असं सगळं येऊन गजांवर थापलं जात होतं. भाऊ बराच वेळ ते बघत होते. त्यांनी विचारलं, हे रोज. दाऊदभाई म्हणाले, रोज. आज जरा जास्त. आणि डबा झाकून ते दाताळ्याकडे वळले.

दाताळी दोन होती. दुसरं भिंतीला टेकवलेलं होतं, माझ्यासाठी. भाऊंनी छत्री मिटली, कदाचा काठ वर खोचला, माझ्या आधी ते दाताळं उचललं आणि दाऊदभाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, भाऊ, सोवळ्यात आहात. त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकून घेतलं नाही. दोघांनी एकदम दाताळी पाण्यात घातली. दाऊदभाईंचं भरून वर आलं, भाऊंचं रिकामं. पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग दाऊदभाईंनी काही न बोलता त्यांच्या हातातला दांडा अर्धा फिरवला. दाते खाली करायचे असतात, हे भाऊंना कुणी कधी सांगितलं नव्हतं.